बांधून ठेवलेली ओळ

कोठीजवळच्या सरकारी छापखान्यात
एकतीस वर्षं मी कायदे जुळवले.
उलटे, आरशातले.
डाव्या हातात स्टिक, उजव्या चिमटीत खिळे,
मन मराठी, शिसं गुजराती.
कुठलं कलम कुणाच्या पोटावर येतंय
ते बघणं आमचं काम नव्हतं.
काना मोडला नाही ना, एवढंच बघायचं.

छापून झालं की कायदा सुटायचा.
म्हणजे आम्हीच सोडायचो :
दंडातला द त्याच्या खणात,
शिक्षेतला क्ष नि रक्षणातला क्ष
एकाच खणात झोपायचे.
हात धुतले की बादलीत राखाडी पाणी
आणि राज्यात नवा नियम.

एकच ओळ कधी सोडली नाही :
'हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी.'
दर मसुद्याच्या तळाशी तीच लागायची,
म्हणून सुतळीने बांधून कोपऱ्यात ठेवलेली.
उचलायची, लावायची, परत ठेवायची.
धूळ बसली तर ब्रशने झटकायचो.
वाचली मात्र नाही कधी.
वाचणारा कुणी भेटलाही नाही.

परवा बाबाजीपुऱ्यात, आमच्या पोळात,
कमळजा खानविलकर कागद घेऊन आली.
ओटल्यावर शिवणयंत्र, खाट, सिगडी
ठेवल्यास दंड. पुन्हा ठेवल्यास जप्ती.
तिचं मशीन ओटल्यावरच, आत उजेड नाही.
शेजारच्या रईबेनची खाटही ओटल्यावरच,
आत हवा नाही.
मी कागद सवयीने उलटा धरला
आणि तळाशी ती दिसली.
सुतळीशिवाय.

"किती दिवस झाले?"
"एकोणीस."

नुसतं अन्याय अन्याय लिहू नका, म्हटलं,
तो शब्द त्यांच्या टोपलीत रोज पडतो.
इंच लिहा.
कमळजाने गळ्यातली टेप काढली,
ब्लाउज मोजावा तसा रस्ता मोजला :
मशीन सव्वा फूट, खाट अडीच,
त्यापुढे हातगाडी जाऊन वर गाय वळेल एवढी जागा.
रईबेनने आधी अंगठा पुढे केला,
मग म्हणाली, नको, सही करते,
आणि पाऊण तास घेतला.

खंडेराव मार्केटात झेंडूचे ढीग ओलांडून
आवक-खिडकीशी पोचलो. तिसावा दिवस.
कारकून म्हणाला, ठेवून जा.
"शिक्का मारा," मी म्हटलं.
एवढा आवाज मी फोरमनपुढेही काढला नव्हता.
दोनशे सात शिक्के.
तारीख पुसट उठली तिथे पुन्हा मारायला लावला.
छापलेलं वाचता आलं पाहिजे.

सुनावणी अकरा मिनिटं चालली.
साहेबांनी टेपचा फोटो मात्र नीट पाहिला.

मार्चमध्ये नियम आलाच.
फक्त एक शेपूट लागलं त्याला :
'परंतु शिवणयंत्रास हा नियम लागू नाही.'
कमळजा पेढे वाटत निघाली,
रईबेनच्या दारात तिचा हात थांबला.
खाट आत गेली होती,
भिंतीला टेकून उभी,
शिक्षा केलेल्या पोरासारखी.

वकील तोरल पंचाल म्हणते,
अहमदाबादला याचिका करू.
नगरसेवकाला दुरुस्तीचा ठराव मांडायला लावू,
नाही मांडला तर पुढच्या वर्षी मतं मागायला
तो याच ओटल्यावर येणार आहे.
वेळ लागेल, काका.

वेळेचं मला नको सांगू, पोरी.
लोखंडी चौकटीत आवळलेलं पान पाहिलंय मी,
हातोडीनेही हलत नाही.
पाचरी सैल केल्या की
त्याचीच नुसती अक्षरं होतात.

रईबेन रोज सकाळी विचारते, "खाट क्यारे?"
मी चष्मा पुसतो.

काल याचिकेच्या प्रती आल्या.
जुन्या सवयीने सुतळीने बांधल्या.
गाठ तेवढी अशी मारली
की एका ओढीत सुटावी.